घरात बसून टेक कॉन्फरन्स अटेंड करताय? मग दार आधी लावून घ्या

माझी पहिली ऑनलाईन कॉन्फरन्स म्हणजे फॉसडेम (ओपन सोर्स, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांचा मेळावा), फेब्रुवारी २०२१. एरवी ती ब्रसेल्सला भरते, त्या वर्षी कोरोनामुळे सगळी ऑनलाईन होती. मी साताऱ्यात, शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलवर बसलो, हेडफोन लावले आणि दहाव्या मिनिटाला आईने समोर मटारचा ढीग आणून ठेवला. नुसतं बघतच तर बसलायस, हात मोकळे आहेत ना. दोन दिवसांत मी दोन टॉक अर्धे अर्धे बघितले, मटार मात्र सगळे सोलले.

तेव्हा वाटलं, ऑनलाईन कॉन्फरन्समध्ये काही राम नाही, नंतर यूट्यूबवर बघू. त्यानंतर बऱ्याच केल्या, काही फुकट, काही कंपनीच्या पैशाने, एक स्वतःच्या खिशातून (आणि त्यातलीच जास्त वाया गेली, ते पुढे सांगतो). आता कळतंय की कॉन्फरन्समध्ये खोट नव्हती, मी गेलोच नव्हतो. प्रवास करून गेलं की ऑफिस, घर आणि आपण स्वतः, तिघंही मान्य करतात की हा माणूस दोन दिवस इथे नाही. घरून केली की हे कोणीच मान्य करत नाही, आपण तर अजिबातच नाही. खालच्या बऱ्याचशा पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. पहिली कॉन्फरन्स फुकटातली करा

पैसे भरून शिकू नका. फॉसडेम सगळ्यात सोपी, कारण तिकीट नाही आणि रजिस्ट्रेशनसुद्धा नाही. जानेवारीच्या शेवटाला किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका शनिवार-रविवारी असते. २०२१ आणि २०२२ ला पूर्ण ऑनलाईन होती, आता परत ब्रसेल्सच्या युनिव्हर्सिटीत भरते पण खोल्यांमधलं लाईव्ह स्ट्रीम चालू असतं आणि चॅट मॅट्रिक्स नावाच्या चॅट सेवेवर. तिकडचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले दुपारचे दोन, त्यामुळे जागरण नाही.

दुसरी ईमॅक्सकॉन्फ, ईमॅक्स नावाच्या टेक्स्ट एडिटरवाल्यांची, डिसेंबरच्या आसपास असते. ईमॅक्स वापरत नसाल तरी एकदा डोकावून बघा, कारण ती मुळातच ऑनलाईनसाठी बनवलेली आहे, टॉक आधी रेकॉर्ड केलेले, प्रश्न एका सगळ्यांना लिहिता येणाऱ्या पॅडवर, बोलायला वेगळी रूम. वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची, तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. गुगल आयओ आणि ॲपलची डब्ल्यूडब्ल्यूडीसी या डेव्हलपरांसाठीच्या कॉन्फरन्सची की-नोट (म्हणजे मुख्य भाषणं) पण फुकट दिसतात, आपल्याकडे रात्री साडेदहाला, पण ते बघणं म्हणजे टीव्ही बघणं, अटेंड करणं नव्हे.

२. पैसे भरायच्या आधी पासमध्ये काय आहे ते नीट वाचा

माझा सगळ्यात मोठा गाढवपणा इथे झाला. एका परदेशी कॉन्फरन्सचा व्हर्च्युअल पास घेतला, स्वतःच्या पैशाने. लॉगिन केल्यावर कळलं की त्यात फक्त की-नोट आणि मोठ्या हॉलमधले टॉक, वर्कशॉप नाही, प्रश्न विचारायची सोय नाही, आणि तेच टॉक तीन आठवड्यांनी यूट्यूबवर आले. सगळ्यांसाठी. फुकट.

तेव्हापासून माझा हिशोब एकच, जे नंतर फुकट मिळणारे त्याला पैसे द्यायचे नाहीत. कुबेकॉनचंच घ्या (कुबरनेटीस या सर्व्हर सांभाळायच्या सॉफ्टवेअरची कॉन्फरन्स), २०२० ला ॲमस्टरडॅमची होती ती रद्द होऊन ऑगस्टमध्ये व्हर्च्युअल झाली, आणि त्यांचे टॉक नंतर यूट्यूबवर येतातच. पैसे द्यायचे ते वर्कशॉपला, ज्यात कोणीतरी तुमचा एरर बघून सांगतं त्याला, आणि माणसं भेटतात त्याला. म्हणून पासच्या पानावर हे शोधा: वर्कशॉप आहे का, लाईव्ह प्रश्न विचारता येतात का, चॅट सगळ्यांना खुलं आहे का, रेकॉर्डिंग किती दिवस बघता येतं, आणि मागच्या वर्षीचे टॉक यूट्यूबवर आहेत का. शेवटचं तर दोन मिनिटांत शोधून मिळतं.

विद्यार्थी असाल किंवा नोकरी नसेल तर आयोजकांना सरळ मेल टाका. बऱ्याच ठिकाणी आर्थिक मदत असते पण तिची तारीख कॉन्फरन्सच्या खूप आधी संपते. लाजू नका, अर्ज वाचायला तिथे माणसं बसवलेलीच असतात.

३. कार्ड, बिल आणि कागदपत्रं

आधी काय काय लागतं ते लिहितो:

– इंटरनॅशनल व्यवहार चालू केलेलं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड
– कंपनी पैसे देणार असेल तर मॅनेजरची मंजुरी मेलवर (तोंडी नको, प्लीज)
– कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर
– स्टुडंट पास असेल तर कॉलेजचं ओळखपत्र
– कायम तुमच्याकडेच राहील असा ईमेल

कार्डाचं असं आहे की रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवीन कार्डावर इंटरनॅशनल आणि ऑनलाईन व्यवहार आधी बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आपण चालू करायचे. लोक चार वेळा कार्ड टाकतात, चार वेळा फेल होतं आणि मग वेबसाईटला शिव्या देतात. चालू करा, लिमिट तिकिटापेक्षा थोडीशी जास्त ठेवा, पैसे गेले की परत बंद करा, कारण परदेशी साईट बऱ्याचदा ओटीपी विचारतच नाही. आणि डॉलरचा भाव बघून रक्कम मोजाल तर चुकेल, बँक वर साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनाचं जादा शुल्क, लावते आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी.

भारतातली कॉन्फरन्स असेल तर जीएसटी नंबर तिकीट काढतानाच टाका. नंतर बिल बदलून मागणं म्हणजे पंधरा मेल आणि शेवटी अकाउंट्सवाल्यांचा फोन.

ईमेलचं का म्हणतो, तर मी एकदा ऑफिसच्या आयडीने रजिस्टर केलं, दोन महिन्यांत नोकरी बदलली, रेकॉर्डिंग गेलं. पण स्वतःचा मुख्य आयडी दिला की स्पॉन्सर कंपन्यांचे सेल्सवाले मागे लागतात. जीमेल असेल तर नावापुढे अधिकचं चिन्ह आणि कॉन्फरन्सचं नाव लावून द्या, मेल तुमच्याकडेच येतो आणि नंतर फिल्टर लावून एका फटक्यात बाजूला काढता येतो. काही फॉर्म हे चिन्ह घेत नाहीत, तेव्हा वेगळा आयडी काढा.

४. वेळेचा घोळ

इथे जुनेजाणते पण आपटतात.

अमेरिका आणि युरोप वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात, आपण बदलत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे असतात की अमेरिका बदललेली आणि युरोप अजून नाही. मी फेब्रुवारीत एका मार्चमधल्या वर्कशॉपची वेळ काढून ठेवली होती, कॅलिफोर्नियाचे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, वहीत लिहिलं, भिंतीवर चिकटवलं. मधल्या रविवारी तिकडचं घड्याळ पुढे गेलं आणि वर्कशॉप आपल्या साडेनऊलाच सुरू झालं. मी साडेदहाला ऐटीत कॉफी घेऊन आलो तेव्हा सगळ्यांचं इन्स्टॉल करून झालं होतं, आणि उरलेला वेळ मी एकटा मागे मागे पळत होतो.

म्हणून वेळ डोक्यात मोजू नका आणि वहीत तर मुळीच लिहू नका. शेड्यूलच्या पानावर कॅलेंडरमध्ये टाकायची फाईल किंवा बटण असतं, ते वापरा, कॅलेंडर आपोआप आपल्या वेळेत दाखवतं. आणि आदल्या दिवशी एकदा परत बघा.

अजून तीन खड्डे. एक, तारीख. कॅलिफोर्नियात १५ तारखेला दुपारी दोन, तेही उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे १६ तारखेचे पहाटेचे अडीच. १५ च्या रात्री जागायचं आहे, १६ च्या नाही. दोन, 'आयएसटी' लिहिलं म्हणजे आपलीच वेळ असं समजू नका, आयर्लंड आणि इस्रायलवाले पण त्यांच्या वेळेला हेच लिहितात. तीन, स्पीकरसाठीचे अर्ज, आर्थिक मदत वगैरेच्या शेवटच्या तारखेपुढे कधीकधी 'एनीव्हेअर ऑन अर्थ' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पृथ्वीवर कुठेही ती तारीख चालू असेपर्यंत, आपल्या घड्याळाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला एक मिनिट कमी. हा एकच खड्डा असा की पडल्यावर फायदा होतो.

५. सुट्टी टाका, आणि घरात सांगा

ऑफिसचं काम करत करत कॉन्फरन्स बघू, हे होत नाही. मी तीनदा करून बघितलं. एका स्क्रीनवर टॉक आणि दुसऱ्यावर जिरा (ऑफिसच्या कामांची यादी ठेवायचं सॉफ्टवेअर) उघडा असेल तर टॉक हरतो, नेहमी. रजा टाका किंवा ट्रेनिंगचे दिवस म्हणून मंजूर करून घ्या, स्टेटसला 'कॉन्फरन्सला आहे' लिहा ('घरून कॉन्फरन्स' असं लिहू नका, घरून हा शब्द वाचला की लोक पिंग करतात), त्या दिवसांच्या मिटिंगा नाकारून टाका. सेशन रात्रीचे असतील तर दुसऱ्या दिवशीची सकाळ सुद्धा मागून घ्या. रात्री अडीचपर्यंत जागून सकाळी दहाच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मिटिंगला, बसलात की दुसऱ्या रात्री तुम्ही झोपणार, पैसे भरलेले असले तरी.

घरचं जास्त अवघड. कॉन्फरन्स म्हटलं की घरच्यांना वाटतं हा व्हिडिओ बघतोय. 'मिटिंग आहे' हे मात्र सगळ्यांना पटतं, का कोण जाणे, तर तेच सांगा. आमच्याकडे आता ठरलंय, मी कॉन्फरन्सच्या दिवशी 'पुण्याला गेलोय'. दार बंद, कुरियर आलं तर घरचे घेतात, कुकरच्या शिट्ट्या मी मोजत नाही, जेवायला मात्र पुण्याहून वेळेवर परत येतो. लहान मूल असेल तर हे सगळं जमणार नाही हे मान्य आहे, मग दिवसभराचा हट्ट सोडा आणि दोनच तास पक्के मागून घ्या, कोणाला तरी मूल सांभाळायला सांगून. वेगळी खोली नसेल तर मित्राचं घर, अभ्यासिका नको (बोलता येत नाही), तासावर मिळणारं को-वर्किंग चालेल.

६. सामान आणि लाईट

लॅपटॉप, चार्जर, वायरवाले हेडफोन, पाण्याची बाटली, चिवडा. ब्लूटूथ हेडफोन ऐन प्रश्न विचारताना चार्जिंग संपून 'टुंग' करतात, म्हणून वायर. शक्य असेल तर राऊटरपासून लॅपटॉपपर्यंत केबल टाका, वायफायपेक्षा कधीही बरी.

राऊटरला छोटा यूपीएस घ्या, हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतो, घेताना राऊटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९ ते बघा. आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते आणि कॉन्फरन्सवाल्यांना गुरुवार फार आवडतो असा माझा अनुभव आहे. पण एक सांगतो, यूपीएस असूनही नेट जाऊ शकतं, कारण तुमचा राऊटर चालू असला तरी गल्लीतल्या केबलवाल्याच्या डब्याला लाईट नसते. तुमच्याकडे असं होतं का ते आधीच्या एखाद्या गुरुवारी कळेलच.

म्हणून मोबाईल हॉटस्पॉट तयार हवा, आणि इथे साधा गुणाकार करून ठेवा. ७२०पी व्हिडिओ साधारण २ एमबीपीएस खातो, म्हणजे तासाला ९०० एमबीच्या आसपास. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर पावणेदोन तासात खेळ खल्लास, त्यानंतर स्पीड इतका पडतो की चॅटसुद्धा उघडत नाही. एक जास्तीचा डेटा पॅक आधीच मारून ठेवा, आणि हॉटस्पॉटवर गेलात की क्वालिटी ४८०पी किंवा ३६०पी करा. स्लाईडवरचा कोड दिसला नाही तर स्लाईडची लिंक चॅटमध्ये मागा, कोणीतरी देतंच.

७. आदल्या दिवशी रंगीत तालीम

लॉगिन करून बघा. ब्राउझरला कॅमेरा आणि माईकची परवानगी द्या, बोलायची रूम असेल तर एकदा आत जाऊन या. कंपनीचा लॅपटॉप वापरणार असाल तर ही पायरी अजिबात चुकवू नका, कारण कंपनीचं व्हीपीएन किंवा फायरवॉल व्हिडिओ दाखवतं पण माईकवाल्या रूममध्ये शिरू देत नाही, असं माझ्या बाबतीत दोनदा झालंय. जमलं तर स्वतःचाच लॅपटॉप घ्या.

वर्कशॉप असेल तर त्यांनी पाठवलेला सेटअपचा मेल शोधा (स्पॅममध्ये पण बघा) आणि डॉकर इमेज (लागणारं सगळं सॉफ्टवेअर एकत्र बांधलेलं पॅकेज) वगैरे जे काही डाउनलोड करायचंय ते आदल्या रात्री करा. वर्कशॉपच्या पहिल्या दहा मिनिटांत पन्नास जण तेच दोन-तीन जीबी ओढायला लागतात, आणि शिकवणारा बिचारा 'झालं का सगळ्यांचं' विचारत बसतो.

प्रोफाईलमध्ये खरं नाव, गाव आणि कशावर काम करता ते एका ओळीत. 'युजर ४५२१' शी कोणी बोलायला येत नाही.

८. टॉक कमी बघा

शेड्यूल बघून हावरटपणा होतो, फॉसडेमला तर शेकडो टॉक असतात. मी दिवसाला तीन निवडतो, जास्तीत जास्त चार. निवडताना एकच बघायचं, हा टॉक लाईव्ह बघून मला काय मिळणार जे रेकॉर्डिंगमध्ये मिळणार नाही. की-नोट बहुतेक वेळा गळते. स्पीकर तोच माणूस असेल ज्याची लायब्ररी (आयता कोड) तुम्ही रोज वापरता आणि शिव्या देता, तर तो टॉक लाईव्हच.

एक गोष्ट ऑनलाईनमध्ये प्रत्यक्षापेक्षा चांगली आहे, ती म्हणजे टॉक आधी रेकॉर्ड केलेला असला की स्पीकर स्वतः चॅटमध्ये बसलेला असतो. त्याचा व्हिडिओ चालू आहे आणि तो तुम्हाला लिहून उत्तर देतोय! मी २०२१ ला हे बघितलंच नाही, चॅटची खिडकीच मिटून ठेवली होती. प्रश्न टॉक संपायची वाट न बघता लिहा, कारण फॉसडेमला प्रश्नाला लोक थम्ब्सअप द्यायचे आणि जास्त मतांचे प्रश्न वर जायचे, म्हणजे जो आधी लिहिणार त्याचा आधी जाणार. प्रश्न दोन ओळींचा ठेवा. 'नमस्कार, छान टॉक, मी अमुक कंपनीत...' ही प्रस्तावना नको, सरळ 'आम्ही हे अमुक व्हर्जनवर वापरतो, तिथे असं होतं, ते मुद्दाम आहे का?' असं. इंग्रजी बोलायची भीती वाटत असेल तर हे तुमच्या फायद्याचं आहे, लिहायला वेळ मिळतो आणि कोणी उच्चार ऐकत नाही.

टॉक कंटाळवाणा असेल तर उठून जा. हॉलमध्ये मधून उठताना पाच जणांचे गुडघे ओलांडावे लागतात, इथे नुसती टॅब बंद करायची, पण माणूस उगाच शेवटपर्यंत बसतो.

९. माणसं

प्रत्यक्ष कॉन्फरन्समध्ये खरी मजा चहाच्या टेबलापाशी असते. ऑनलाईन ते टेबल असतं, पण शोधावं लागतं आणि पहिली पाच मिनिटं फार अवघडल्यासारखं होतं. टॉक संपल्यावर स्पीकरसोबतची व्हिडिओ रूम उघडते तिथे जा, 'बर्ड्स ऑफ अ फेदर' नावाचं काही दिसलं तर तिथे नक्की जा (एकाच विषयाचे लोक जमून गप्पा मारतात, भाषण नसतं). कॅमेरा चालू ठेवा. पहिली दहा मिनिटं गप्प बसलात तरी चालतं, नंतर 'मी ऐकायला आलोय, पोस्टग्रेसवर काम करतो' (पोस्टग्रेस म्हणजे एक डेटाबेस) एवढं म्हणा, बाकीचं ते लोक बघतात.

मी अशाच एका रूममध्ये रात्री अकराला बसलो होतो, सहा जण होते, एकजण बऱ्याच वेळाने म्हणाला की तुझ्या मागे कुकरची शिट्टी झाली ना आत्ता? नेदरलँड्समध्ये राहणारा इचलकरंजीचा निघाला. त्याने मला रेप्लिकेशनचा (डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवण्याचा) एक गुंता सोडवून दिला ज्यावर आमची टीम तीन आठवडे डोकं आपटत होती, आणि वर रात्री अकराला कोण कुकर लावतं हे पण विचारलं. (हरभरे. दुसऱ्या दिवशीच्या उसळीसाठी.)

ज्याच्याशी बोलणं झालं त्याला त्याच दिवशी मेसेज टाका, काय बोललो त्याची एक ओळ लिहून. आठवड्याने टाकलात तर तो तुम्हाला विसरलेला असतो, त्यात तुमचं नाव त्याला नीट वाचताही आलेलं नसतं.

तीन सावधगिऱ्या. रूम रेकॉर्ड होतेय का ते बघून बोला, स्वतःच्या कंपनीची भांडी तिथे घासू नका. आणि इतरांचे चेहरे असलेले स्क्रीनशॉट विचारल्याशिवाय कुठे टाकू नका, आचारसंहितेत बहुतेक लिहिलेलं असतं आणि लोक तक्रार करतात. स्पॉन्सरच्या बूथवर क्लिक केलं की बऱ्याच ठिकाणी तुमचा ईमेल त्यांना जातो, टी-शर्टच्या आशेने सगळीकडे क्लिक करत फिरू नका, भारतात तो टी-शर्ट क्वचितच पोचतो.

१०. संपल्यावर

त्याच आठवड्यात करायची कामं. रेकॉर्डिंगची मुदत बघा आणि राहिलेल्या टॉकसाठी कॅलेंडरमध्ये खरोखरचे तास अडवा, 'नंतर बघू' च्या यादीत माझे अकरा टॉक होते आणि मुदत तीस दिवस, एकतिसाव्या दिवशी मी लॉगिन केलं. स्लाईडच्या लिंका स्पीकर लोक चॅटमध्ये टाकतात आणि चॅट कॉन्फरन्सनंतर कधीकधी बंद होतं, तर त्या आधी काढून घ्या. टीमला पंधरा मिनिटांत काय शिकलात ते सांगा, पुढच्या वेळची मंजुरी त्यातूनच निघते. सर्टिफिकेट लागत असेल तर मागा, आपोआप क्वचित येतं.

आणि बिल क्लेमला टाका. कार्डाच्या स्टेटमेंटवर मार्कअप आणि त्यावरचा जीएसटी वेगळ्या ओळींत येतो, तिन्ही ओळींना खूण करून स्टेटमेंट जोडा, नाहीतर कंपनी फक्त तिकिटाचे पैसे देते आणि वरचे तुमच्या खिशातून जातात.